निम्म्या पेशी जिवंत असताना

सुजाता गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी एटापल्लीच्या आमच्या वनोपज केंद्रात मोहफुलांचा हिशेब लावत होते. "वंदाताई, सुजाता गेली... झोपेतच." मी केंद्राला कुलूप लावलं आणि तिच्या गावाची, माजरीची, वाट धरली. कोणाला कळवायचं, काय न्यायचं, याची यादी वाटेतच मनात तयार झाली. रडायचं त्या यादीत नव्हतं. ते अजूनही जमलेलं नाही, कारण रडण्याच्या आधी राग येतो.

सुजाता माझी चंद्रपूरच्या हॉस्टेलातली मैत्रीण. वडील कोळसा खाणीत, घरात बुद्धवंदना आणि अभ्यास या दोन गोष्टींना सुट्टी नाही. शिकून ती नागपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागली. एखादं औषध माणसाच्या जनुकांना इजा करतं का, हे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासायचं, हे तिचं काम. त्यातही सर्वांत मोठा डोस किती द्यायचा हे ती ठरवायची. फार कमी दिला तर काहीच दिसत नाही. फार जास्त दिला तर पेशी मरतात, आणि मरणाऱ्या पेशीतली गुणसूत्रं तशीही तुटतात. मग दोष औषधाचा की मरणाचा, हे कळत नाही. म्हणून साधारण निम्म्या पेशी तगतील तिथवर जायचं आणि थांबायचं. "अलीकडे थांबली त कामचोर, पलीकडे गेली त आगाऊ," असं ती स्वतःबद्दल म्हणायची.

आमच्या केंद्रातल्या बायका एका मुळाची भुकटी करत. कोणतं मूळ, ते मुद्दाम लिहीत नाही. गावात सांधे दुखले की चिमूटभर घेतात. एका कंपनीला ती बाजारात आणायची होती, आणि नमुना तपासायला नेमका सुजाताकडे गेला. खालच्या डोसांना सगळं स्वच्छ निघालं. वरच्या मर्यादेला, निम्म्या पेशी जिवंत असताना, गुणसूत्रं तुटलेली दिसली. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. तिने लिहिलं की एवढ्यावरून भुकटी घातक ठरत नाही, पण पुढची तपासणी झाल्याशिवाय विकू नये. कंपनीच्या मॅनेजरने तो वरचा डोस अहवालातून गाळायला सांगितलं. तिने नकार दिला, आणि माल ज्यांचा त्यांना कळलं पाहिजे म्हणून रजा टाकून गावात आली.

भुकटी कुटायला सगळ्यांना शिकवणारी सोमीबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली. "आमी त चिमूटभर खातो. तू एवढी ओतली काऊन?"

"बाई, ज्या पुलावरून कोळशाचा ट्रक जाणार, तिथून सायकल नेली न म्हटलं पूल पक्का आहे, त चालन का? कंपनी डबे भरभरून विकनार आहे."

"मंग आखीन ओताची होती."

"मंग पेशी मेल्या असत्या सगळ्या. मेलेलं काय सांगन?"

"म्हंजे अर्धमेलं करून इचारतेस," सोमीबाई म्हणाली. "पोलिसावानी!"

सुजाता पोट धरून हसली. तसं हसताना मी तिला नंतर पाहिलं नाही.

बायकांनी भुकटी द्यायला नकार दिला. प्रयोगशाळेने गोपनीयता मोडली म्हणून सुजाताला काढलं. कंपनीने मूळ दुसऱ्या गावांतून गोळा केलं आणि तपासणी दुसरीकडे करून घेतली. तिथले लोक फार खालच्या डोसाला थांबले. कारण दिलं की भुकटी याहून जास्त विरघळत नाही. अहवाल स्वच्छ. सुजाताने तो वाचला आणि म्हणाली, "वंदे, नीट ढवळली असती त विरघळली असती." तिने तक्रारी केल्या. पोच आली, उत्तर आलं नाही. मग ती भद्रावतीला शिकवण्या घेऊ लागली. आईला एवढंच सांगितलं, प्रोजेक्ट संपला.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंपनीचा तोच मॅनेजर पांढरा शर्ट घालून आला आणि माइकवर बोलला, "सुजाता मॅडमची अचूकता आमच्यासाठी आदर्श आहे." मी उठून बाहेर गेले. आतच थांबले असते तर पुढचं आधीच कळलं असतं...

गेल्या आठवड्यात काकूंना, म्हणजे तिच्या आईला, भेटायला गेले. चहा करायला साखर शोधत होते, तर फळीवर त्या भुकटीचा चकचकीत डबा. त्यावर छापलेलं: दिवसातून तीनदा, दोन चमचे.

"काकू, हे कुठून आलं?"

"कार्यक्रमाच्या दिवशी ते साहेब देऊन गेले. सुजाताच्या कामाचं आहे म्हनत होते. गुडघ्याले बरं वाटते."

"हे घेऊ नका."

"काऊन? तिच्या कामाचं एवढंच त राह्यलं माझ्यापाशी."

मी गॅस बंद केला आणि त्यांना सगळं सांगितलं. पेशी, डोस, मॅनेजर, नोकरी.

"या डब्यापायी नोकरी गेली तिची?"

"हा डबा असा कोणाच्या घरी जाऊ नये, यापायी गेली."

काकूंनी झाकण घट्ट लावलं. "दोन देल्ले होते त्यानं," त्या म्हणाल्या. "एक शेजारच्या बाईले देल्ला मी." आणि भिंतीला धरून उठल्या, दाराशी चपला शोधू लागल्या.