पडद्याआडचा खांदा

काल सुनेने माझ्या गुडघ्याला लावायला आंबेहळद उगाळली आणि त्या वासासरशी मी शहाद्याला मामांच्या ओसरीवर जाऊन बसले. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मामा हाडवैद्य होते. नवरा गेल्यावर मी त्यांच्याकडे राहून हाडं बसवायला शिकत होते. शिकत होते म्हणजे काय, तर हळद उगाळायची, बांबूच्या कामट्या तासायच्या. रोग्याजवळ सरकले की मामा म्हणायचे, "तू लेप कर. हाडले हात लावाना नही."

एकदा बाजारातल्या मारवाडी शेठच्या सुनेचा खांदा निखळला. ती परपुरुषासमोर येईना, म्हणून मला पडद्याआड पाठवलं. मामा बाहेरून ओरडत होते, "वढ! आते हळूच फिराव!" ते सांगायच्या आधीच माझ्या हातांना कळलं होतं. खट्ट झालं आणि खांदा बसला.

बाहेर शेठ म्हणाले, "वैद्यबुवा, तुमना हातले यश शे."

"देवनी कृपा," मामा म्हणाले.

माझं नावही कोणी काढलं नाही. मी संतापून उठले, तर शेठच्या सुनेने माझं मनगट धरलं. "बहन, बैठो थोडी देर." मी हात सोडवून निघून आले.

पुढे कितीतरी वर्षं मला मामा आणि शेठचं बोलणंच आठवायचं आणि डोकं तापायचं. काल मात्र शेठच्या सुनेची पकड आठवली. घटकेपूर्वी जो हात तिला उचलताही येत नव्हता, तो तिने सर्वांत आधी माझ्याकडे केला होता.