नाव हवेत न सोडणाऱ्या मॅडम

उषा मॅडम ऑफिसात कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव एकदा विचारून घेतलं आणि खिडकीपाशी बसवलं. तेव्हापासून मी ‘खिडकीवाले’. पुढे उन्हाने हैराण होऊन मी खुर्ची आत पंख्याखाली सरकवली, तर दुसऱ्या दिवशी ‘ओ पंखेवाले’ अशी हाक आली. मला आधी हा माणूसघाणेपणा वाटला. आमची कंपनी मोबाइलचं नेटवर्क चालवते आणि परभणीच्या ऑफिसात मॅडम आमच्या वरिष्ठ.

एकदा चहाच्या वेळी मी विचारलंच. म्हणाल्या, “सिमचं काय असतं? एक खरा नंबर पोटात असतो, कायमचा. तो टॉवरला एकदा सांगायचा. मग नेटवर्क त्याला तात्पुरता नंबर देतं आन पुढची हाकाहाकी त्याच नंबरानं. भाग बदलला की नवा. वाटेत कुणी कान लावून बसलं तरी त्याला कळू नये, कोण कुठं हाय. खरं नाव हवेत सोडायचं न्हाई.”

“पण आपल्याला तर कळतं,” मी म्हणालो.

“आपल्याला कळतं, म्हणून तर आपन तोंड आवरायचं.”

स्वतः मात्र त्या एकदा तोंड आवरायला विसरल्या होत्या. माहेरी, वालूरला, भावकीतल्या लग्नात, जेवणं चालू असताना, कुणीतरी त्यांच्या नोकरीची थट्टा केली. मॅडमना राग आला आणि त्या भर पंगतीत म्हणाल्या, “कुणाचा फोन कोणत्या टॉवरखाली हाय, ते मला बसल्या जागी दिसतं.” त्यांच्या मोठ्या भावाने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

त्याच भावाची मुलगी रेणू. कॉलेजातल्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून ती निघून गेली. आणि एका दुपारी ऑफिससमोर जीप थांबली. भाऊ, भावकीतले दोघे आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली वहिनी आत आले. पाणी दिलं, ते कुणी घेतलं नाही.

“पोलिसात गेलतो,” भाऊ म्हणाला. “पोरगी सज्ञान हाय म्हून हात झटकले त्यांनी. इतके दिवस फोन बंद होता. आज सकाळपासून वाजायलाय. मी लावतो, तू बघ कुठं हाय.”

“दादा, ते मला करता येत न्हाई.”

“करता येतंय. तूच बोल्लीस. घरी आणायची, बाकी काई न्हाई.”

हे ‘बाकी काई न्हाई’ तो जरा जास्तच गोड आवाजात बोलला. भावकीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोवर त्याने नंबर लावून फोन टेबलावर ठेवला होता. रिंग सगळ्या खोलीला ऐकू येत होती. मॅडमसमोरचा स्क्रीन चालू होता, नंबर टाकायचाच अवकाश. त्यांनी हात पुढे नेला. त्यांनी स्क्रीन बंद केला आणि खुर्ची फिरवून त्या स्क्रीनकडे पाठ करून बसल्या.

“ओ साहेब, तुमी तरी दाबा की,” भाऊ माझ्याकडे वळला. मी नकारार्थी मान हलवली.

रिंग थांबली. कुणी उचलला नव्हता. मागून वहिनीचा आवाज आला, “वाजतोय म्हंजे जित्ती हाय ना, वन्सं?”

“फोन चालू हाय, वैनी. मला तेवढंच सांगता येतं.”

भाऊ उठला. “आत्या हायेस का वैरीण? वालूरचा रस्ता इसर आता.” जीप गेली तरी मॅडम तशाच बसून राहिल्या.

नंतर मी म्हणालो, “ते गेलेत. निदान सुखरूप आहे का, ते तरी बघा.”

“सुखरूप हाय का, हे इथं दिसत न्हाई. कुठं हाय ते दिसतं. आन एकदा दिसलं की माझ्या तोंडावर येतं. दादा माझं तोंड ल्हानपणापासून वाचतो.”

मी शेजारीच बसायचो, म्हणून सांगतो, त्यांनी तो नंबर कधीच टाकला नाही. दिवाळीला माहेरचं बोलावणं आलं नाही. वर्तमानपत्रात कुठे कुणा मुलीला मारल्याची बातमी आली की त्या आधी गावाचं नाव वाचत, मग वय. मला ते बघवत नसे. ही बाई एवढी घट्ट कशी, असा रागही यायचा आणि तिच्याइतकं आपल्याला जमणार नाही हेही कळायचं.

एके दिवशी वहिनी एकट्याच एसटीने आल्या. घरी दवाखान्याचं निमित्त सांगितलं होतं. खुर्चीत टेकल्याबरोबर म्हणाल्या, “फोन आलता तिचा, शेजारणीच्या फोनवर. ती तिकडं...”

मॅडमनी चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “गाव सांगू नका. मला नका, कुणालाच नका.” मग हात काढून हळूच विचारलं, “जेवती का नीट?”

“सोता रांधती म्हनली. भाकरी जमंना म्हनं अजून.” वहिनी हसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “इचारायली, आत्याला फोन लावू का?”

“नको म्हणावं. एवढ्यात नको. बोलता बोलता गाव निघंल तिच्या तोंडून,” मॅडम म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून, आम्हा दोघांदेखत, मोठ्याने रडल्या.