पप्पांची भाकरी का मोडायची

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. शिरोली एमआयडीसीजवळ दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो... आई, पप्पा, मी आणि धाकटा भाऊ. पप्पा तिथल्याच एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे तयार करायचे.

त्या वर्षी आईला सांगलीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. लग्नामुळे तिचं शिक्षण थांबलं होतं. विहारातल्या एका ताईंनी पिच्छा सोडला नाही, म्हणून तिनं पुन्हा पुस्तकं हातात घेतली होती. राहायचं तिकडेच हॉस्टेलवर आणि सुटी मिळेल तेव्हा रविवारी घरी यायचं.

नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली... पोरांचे हाल होणार म्हणून. पप्पा आईला एवढंच म्हणाले, "तू जा. सैपाकाचं मी बघतो की." तोवर त्यांनी चहाशिवाय काही केलेलं नव्हतं.

आमटी-भात लवकर जमला. अडलं ते भाकरीपाशी. घरात आजोळहून, कागलहून आलेलं शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पोतं होतं, पण पप्पांची सुटी व्हायच्या आत गिरणी बंद व्हायची. म्हणून ते येताना दुकानातून तयार पिठाचा पुडा आणायचे. तेच सोयीचं वाटायचं.

आणि रोज तोच प्रकार... थापायला घेतली की कडा फाटायच्या, उचलायला गेलं की मधोमध दोन तुकडे. पप्पा पाणी कमी करून बघायचे, जास्त करून बघायचे, गरम घालून बघायचे. शेवटी आम्ही आमटीत पाव बुडवून खायचो.

आई पहिल्यांदा घरी आली तेव्हा पुड्यातलं पीठ संपलेलं होतं. तिनं चपात्या केल्या. भाऊ मान वर न करता खात सुटला... ते बघून तिचे डोळे भरले.

जेवणं झाल्यावर ती पप्पांना म्हणाली, "माझं ट्रेनिंग ऱ्हाऊ दे आता. पोरं पावावर दिस काढत्यात."

"पुढच्या खेपेला ये," पप्पा म्हणाले. "तवा बी भाकरी जमली न्हाय तर मग सोड."

आई गेली. पण तिचे निम्मे कपडे कपाटातच राहिले होते. ती विसरली नव्हती... परत यायच्या हिशेबानंच गेली होती. मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी नवा पुडा फोडला. पहिली भाकरी मोडली, दुसरीही मोडली. मग त्यांनी पिठाचा गोळा हातात घेतला, मूठ घट्ट आवळली आणि उघडली. गोळ्याला सगळीकडून चिरा पडल्या होत्या. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"वाळूचं बी असंच हुतंय," ते मला म्हणाले. "जुनी होऊन दम गेला की मुठीत धरत न्हाय. मग कुणीबी साचा करू दे, ढासळतोच. तवा आमी माणूस न्हाय बदलत, वाळू बदलतो."

तो गोळा घेऊन ते तसेच शेजारच्या आक्कांकडे गेले. मीही मागोमाग. आक्कांनी चिमटीत पीठ चोळलं आणि म्हणाल्या, "विरीच न्हाय की हेच्यात. लय दिस पडून असलेलं पीठ हाय. ह्याची भाकरी माज्यानंबी व्हायची न्हाय."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दळून फार दिवस झाले की तो जातो... आणि पप्पा इतके दिवस स्वतःच्या हातांना दोष देत होते. भाकरी हे आपलं कामच नव्हे, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी शाळूचा डबा सायकलला बांधला. गिरणीवाल्याला सांगून ठेवलं, दळण झालं की शेजारच्या पानपट्टीवर ठेव. येताना ताजं पीठ घेऊन आले... डबा अजून कोमट होता.

त्या दिवशीची भाकरी जाड होती आणि गोल तर नव्हतीच. पण ती मोडली नाही. भाऊ आणि मी तव्याजवळून हललो नाही. थोड्या दिवसांत भाकरी टम्म फुगायलाही लागली. पुढे पप्पा कुठलाही माल आणताना दुकानदाराला आधी विचारायचे, "कधीचं हाय?"

पुढच्या खेपेला आई आली तेव्हा पप्पांनी तिला चुलीकडे येऊच दिलं नाही. ती ताटावर बसली. पहिली भाकरी ताटात पडली, तिनं पापुद्रा उचलून पाहिला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आणखी एक टाका."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातले उरलेले कपडे बॅगेत भरले. पप्पांनी चार भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. हॉस्टेलवरच्या मुलींनी विचारलं, कुणी केल्या एवढ्या छान? "आमच्या ह्यांनी," असं तिनं सांगितलं तर कुणाचा विश्वासच बसेना... नंतर घरी येऊन हे सांगताना तिचा चेहरा असा काही खुलला होता!

आई नर्स झाली. पुष्कळ वर्षं नोकरी केली, पुष्कळ माणसांनी तिचं कौतुक केलं, आणि ते तिच्या कष्टांचंच होतं. पप्पांना कुणी विचारलं तर ते अजून म्हणतात, "मी काय केलं? पीठ तेवढं बदललं."

अशा वेळी बाईला शिक्षण सोडायला लावणं किती सोपं असतं, हे मी नंतर आजूबाजूला खूप पाहिलं. आमच्या घरात पीठ बदललं गेलं... याचा मला फार अभिमान आहे.