खिडकीवरचं नाव

अमेरिकेतल्या कॅरी शहरात आमच्या ऑफिसजवळच्या एपिस्कोपल पंथाच्या चर्चमध्ये मी रंगीत काचांच्या खिडक्या बघायला गेलो, तेव्हा त्या दाखवायला पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. प्रत्येक खिडकी कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली. चित्राबद्दल सांगण्याआधी त्या खालचं नाव मला मोठ्याने वाचायला लावत. "चित्र काय, सगळेच बघतात," त्या म्हणाल्या.

शेवटच्या खिडकीवर नुसतं 'क्लारा' होतं. बाईंनी रुमालाने ती अक्षरं हलकेच पुसली. "ही कोण, ते चर्चच्या जुन्या वह्यांत सापडत नाही. येईल त्याला विचारते. माझ्यानंतर कोण विचारणार?"

मला गावच्या शाळेतला पंखा आठवला. वीज जाऊन तो थांबला, की पात्यावरचं 'कै. कु. सुमन हिच्या स्मरणार्थ' वाचता यायचं. त्याच पंख्याखाली शिकून मी पुढे घरातला पहिला पदवीधर झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेतल्या सरांना फोन लावला. "सर, आपल्या वर्गातल्या पंख्यावरची सुमन कोण?"

"सहा वर्षं तिच्या वाऱ्याला बसलास, आणि आज विचारतोस होय रे?" सर हसले, मग म्हणाले, "माझी धाकटी बहीण."