दसऱ्याला धुतलेली नळी

मनोहरराव कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, पण हातातला पाना काही सुटला नाही. धरमपेठेतल्या एका रायफल क्लबच्या बंदुका ते गेली अकरा वर्षं सांभाळतात आणि त्यात कुणी नाक खुपसलेलं त्यांना चालत नाही. विशेषतः कुणी नळी घासायला घेतली की ते खवळतात. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेणाचा पातळ हात असतो. तो नळीत आतून बसला की मगच गोळ्या एका जागी लागतात. नळी चकचकीत केली तर पुढच्या वीसेक गोळ्या वाटेल तिकडे जातात. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय, की त्यांना येताना पाहून पोरं ब्रश लपवतात.

क्लबात नेमबाजी शिकणाऱ्या मधुवंतीच्या वाट्याला तिथली सर्वांत जुनी रायफल आली होती. वडील बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला, नवी घेणं शक्य नव्हतं. सगळे म्हणाले, हिची नळीच गेली. मनोहररावांना ते पटलं नाही. तीन आठवडे ते हात धुऊन त्या रायफलीच्या मागे लागले. दस्त्याचे दोन्ही स्क्रू सारख्या जोराने आवळले, रायफल व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरून सहा तऱ्हेच्या गोळ्या झाडून पाहिल्या. पाचव्या डब्यातल्या गोळ्यांची दहाही छिद्रं आठाण्याच्या नाण्याखाली झाकली गेली. तेव्हा ते चक्क हसले.

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला मनोहररावांनी रायफली पाटावर मांडल्या. चाळीस वर्षं त्यांनी या दिवशी लेथ धुऊन-पुसूनच हळदकुंकू वाहिलं होतं. मळक्या हत्याराला फूल वाहायला मन धजेना. डोक्यात पूजा आणि हातात ब्रश, अशा तंद्रीत सगळ्या नळ्या लख्ख झाल्या.

काय करून बसलो ते त्यांना चाचणीतच उमगलं. सुरुवातीच्या सरावाच्या पंधरा मिनिटांत मधुवंतीच्या तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या. तिने नेम धरायच्या सायटीचा स्क्रू फिरवला. पुढची आणखी लांब गेली. तिने पुन्हा फिरवला. गप्प राहणं सोपं होतं. लोकांनी जुन्या नळीलाच बोल लावला असता. त्यांनी खूण करून तिला मागे बोलावलं.

“मधू, नळी मी काल धुतली वं. तुह्या हाताची चूक नाही. सायट होती तशी कर अन् कागदाकडे न पाहता वीस गोळ्या मारून टाक.”

मागे पोरं खुसखुसली. मनोहररावांचे कान शरमेनं तापले.

मधुवंतीने सांगितलं तसं केलं. त्या वीस गोळ्यांनंतरची दुसरीच गोळी मधोमध लागली. संध्याकाळी चौघांच्या यादीत तिचं नाव चौथं होतं, एका गुणाने.

ती पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. “आज नको वं. आज मी तुले बुडवतच होतो.”

“मले वाटलं, माझाच हात गेला, काका,” ती म्हणाली. “दोन गोळ्या अजून मारून मी रायफल खाली ठेवून घरी जाणार होती.”