खिडकीतल्या नोंदी

फाटकाशी रिक्षा थांबली की नाना हातातलं काम टाकून खिडकीत उभे राहायचे. जळगावातल्या आमच्या मेंदूविकारांच्या दवाखान्यात ते केसपेपर काढून द्यायचे. मी संगणकावर बसायचे. पेशंटला दारापर्यंत यायला किती वेळ लागला, कोणी धरलं, तो कुठे टेकला, हे ते एका वहीत लिहून ठेवत. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "ताई, तोंड खोटं बोलस, पाय नही."

ते निवृत्त झाल्यावर जुने कागद संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी डॉक्टरांचे शेरे तेवढे घेतले आणि नानांच्या वह्या माळ्यावर टाकल्या.

पुढे डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटसाठी एक प्रोग्राम आणला. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, हातपाय हळूहळू साथ सोडतात. कोणाचा आजार किती बळावलाय, याचा अंदाज तो प्रोग्राम जुन्या नोंदींवरून करायचा. ज्यांचा जास्त, त्यांना नवं इंजेक्शन आधी मिळणार होतं.

चोपड्याच्या कमलअक्का यादीत तळाशी आल्या. दर खेपेला त्या डॉक्टरांच्या दाराशी नवऱ्याचा हात सोडायच्या, पदर सारखा करायच्या आणि खुर्चीपर्यंत एकट्या जायच्या. शेरा ठरलेला: चालते, तक्रार नाही.

नानांना सगळे पेशंट ठाऊक, म्हणून यादी दाखवायला मी पिंप्राळ्याला त्यांच्याकडे गेले. ते अंथरुणाला खिळले होते. कमलअक्कांच्या नावावर बोट ठेवून त्यांनी आपल्या वह्यांचं विचारलं, "मन्या वह्या कोठे शेतस?"

मी खरं ते सांगितलं. माझी साफसफाई पहिल्यापासूनच चोख, एवढा टोमणा मला मारला आणि कुशीवर वळले.

वह्या उतरवून मी आठवडाभर टाइप करत बसले. 'रिक्षातून दोघांनी उतरवलं.' 'पायरीवर बसली.' 'नवऱ्याने जवळजवळ उचलून आणलं.' तीन वर्षं तेच, दर खेपेला थोडं वाढलेलं. डॉक्टरांनी नोंदी वाचल्या, अंदाज पुन्हा काढला. कमलअक्का वर सरकल्या. हे सांगायला पिंप्राळ्याला निघणार, तोच नाना गेल्याचा फोन आला.

कमलअक्का पुढच्या सोमवारी आल्या. दाराशी हात सोडला, पदर सारखा केला, खुर्चीपर्यंत गेल्या. डॉक्टरांनी कसं आहे विचारलं.

"बरी शे," त्या म्हणाल्या.

फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा खिडकीतून मला जे दिसलं होतं, ते मी तोवर टाइप केलं होतं.