एडवणच्या काकांचा आकडा

रक्त काढणाऱ्यांकडे किस्से कसले असणार, असं लोकांना वाटतं. अहो, सुई टोचली की माणूस बोलायला लागतो! मी पालघरच्या एका लॅबमध्ये आहे. एएलएस, म्हणजे हातपाय हळूहळू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. त्यासाठी घरी जाऊन रक्त आणायचं काम माझं. एकट्या एडवणच्या काकांनीच माझी पोतडी भरली.

काकांची केळी-नारळाची वाडी. हात लुळे पडू लागले म्हणून ते अभ्यासात नाव घालायला आले, तेव्हा मी त्यांना समजावलं, की नसा मरतात तेव्हा त्यांचा चुरा रक्तात उतरतो, तो आपण मोजायचा. आकडा कमी आला तर औषध लागू पडतंय. पहिल्या खेपेला गेले तर काकांची जीभ लालभडक. आठ दिवस दोन्ही वेळा बीट खात होते!

"रक्त चांगलं असलं म्हंजे पास होनार ना?"

पास-नापास काही नसतं, हे मी दहा वेळा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

*

एकदा परतताना शेअर रिक्षात बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, पापलेट कितीला घेतलं. मी म्हटलं, रक्त आहे. सफाळे स्टेशनपर्यंत अख्खी सीट मला!

पुढच्या खेपेला हे काकांना सांगितलं, तर हसता हसता ते गुदमरलेच. काकी घाबरून पाठ चोळत राहिली. तेव्हापासून मी तिथे विनोद जपून करते.

*

तीन महिन्यांनी आकडा बराच खाली आला. अभ्यास बघणाऱ्या डॉक्टर मॅडम खूश. काकीने खोबऱ्याच्या वड्या केल्या. काकांना वडी उचलता येईना, तिनेच भरवली.

"आकडा सुधारला गो," काका म्हणाले. "मी कदी सुधारनार?"

मी कागद पिशवीत कोंबला. इतका राग आला त्या रिपोर्टचा!

*

मग आकडा परत चढला. मॅडमनी कळवलं, पुढचाही चढा आला तर औषध थांबवावं लागेल. तोवर काकांची वाचाही गेली होती. काकीने भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला होता. ती अक्षरांवरून बोट फिरवायची, हव्या त्या अक्षरावर काका डोळे मिटायचे.

मी गेले तेव्हा काकीने दार लावून घेतलं, ती काकांच्या शेजारी बसली आणि तिने स्वतःचा हात पुढे केला.

"माजं घे, बाय. नळीवर नाव यांचं टाक. औषद बंद झालं तर मी काय करू?"

असं करता येत नाही, मी म्हटलं. ती हात मागे घेईना. मी सुई धरून उभी.

काकांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि डोळे तक्त्याकडे वळवले. काकी उठली, बोट फिरवू लागली. ब. मग ई. मग ट.

काकीने जुळवून वाचलं, "बीट." मग स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाली, "मी कुठं खाल्लंय!"